कुरड्या राहू द्या, आधी आत या: शहराच्या कडेला राहणाऱ्यांसाठी गारपिटीची तयारी

नागपूरच्या दक्षिणेला, रिंग रोडच्या बाहेर आमचं ले-आउट आहे. अर्धे प्लॉट बांधलेले, अर्ध्यांवर गाजरगवत, आणि शेवटच्या गल्लीपलीकडे वावरं सुरू होतात. इथे गारपिटीची पहिली वर्दी शेजारच्या गाडीच्या शेडवरचे टिनाचे पत्रे देतात. आधी एक टक्, थोड्या वेळाने दुसरं, आणि मग वरून कुणी गिट्टीचं घमेलं उपडं करावं तसा आवाज. एका एप्रिलमध्ये संध्याकाळी हा आवाज सुरू झाला तेव्हा आमच्या मोठ्या आई गच्चीच्या जिन्यात होत्या. सकाळी घातलेल्या कुरड्या वर वाळत होत्या. "दोन मिनिटांत आणते," म्हणत त्या डोक्यावर परात धरून गेल्या. परातीमुळे डोकं वाचलं. पण परतताना गारांच्या थरावरून पाय सरकला आणि मनगट मोडलं. कुरड्याही गेल्याच.

त्याच संध्याकाळी ले-आउटमधल्या आणखी तिघांना लागलं. एक जण कारवर ब्लँकेट टाकायला गेला होता, दुसरा दोरीवरचे कपडे काढायला, तिसरा कुलरच्या पंपाची वायर सोडवायला. घरात बसलेल्या एकालाही ओरखडा नाही. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: पक्क्या घरात गारपीट माणसाला सहसा काही करत नाही, नुकसान होतं ते बाहेर धावणाऱ्याचं. म्हणून कुठलं काम केव्हा करायचं, याच हिशोबाने पुढचं सगळं लिहिलं आहे.

## उन्हाळ्यात बर्फ येतो कुठून

हे थोडक्यात सांगतो, कारण ते कळलं की आभाळ वाचता येतं. मार्च-एप्रिलमध्ये विदर्भाची जमीन तव्यासारखी तापते. बंगालच्या उपसागराकडून दमट वारा येतो, पश्चिमेकडून कोरडा. वरच्या थरात थंड हवा असेल तर तापलेली दमट हवा लोटासारखी वर उसळते आणि बारा-पंधरा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. साडेचार-पाच किलोमीटरच्या वर तापमान शून्याखाली गेलेलं असतं. तिथलं पाणी थंड होऊनही गोठलेलं नसतं, आणि एखादा बर्फाचा कण मिळाला की त्याला चिकटून गोठतं. खालून येणारा वारा त्या कणाला अधांतरी तोलून धरतो. कण वाढत वाढत वाऱ्याला पेलेनासा झाला की खाली येतो. मोठी गार मधोमध कापलीत तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात.

मे महिन्यात शून्य अंशाची पातळी आणखी वर सरकते आणि खालची हवा इतकी तापलेली असते की लहान गारा वाटेतच वितळून पाणी होतात. आपल्याकडे गारपिटीचा जोर फेब्रुवारी ते एप्रिल या काळात जास्त दिसतो त्याचं हे एक कारण. मेमध्ये ती येतच नाही असं मात्र नाही. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्ह्यांना गारांनी झोडपलं होतं, ते शेतकऱ्यांच्या अजून डोळ्यांसमोर आहे. माणसं दगावण्याचा जागतिक विक्रमही दुर्दैवाने भारताच्याच नावावर आहे: ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादजवळ गारपिटीत २४६ माणसं गेली.

गारांचा पट्टा अरुंद असतो, अनेकदा काही किलोमीटरचाच. त्यामुळे "अरे, इकडे बेसा भागात तर काहीच नाही" असा मामेभावाचा फोन आला म्हणून आपण निर्धास्त व्हायचं नाही.

## लिंबाएवढी म्हणजे किती

गारेचा आकार सांगायला आपल्याकडे फार चांगली भाषा आहे. ती नुसती गप्पांसाठी न वापरता निर्णयासाठी वापरावी.

तुरीच्या दाण्याएवढी गार आवाज जास्त करते, इजा कमी. बोराएवढी, म्हणजे साधारण दोन सेंटिमीटरची, उघड्या डोक्याला चांगली लागते, कोवळी कैरी पाडते, जुना फायबरचा पत्रा फोडते. इथवरच्या गारा तासाला १५ ते ४० किलोमीटर वेगाने येतात. सुपारीपासून कागदी लिंबापर्यंत, म्हणजे अडीच ते साडेचार सेंटिमीटर, हा वेग ४० ते ६५ वर जातो. गाडीच्या टपाला खळगे पडतात, कवेलू (कौलं) फुटतात, सिमेंटच्या पत्र्याला भोकं पडतात. त्याहून मोठी, संत्र्याच्या मापाची गार ताशी ७० ते ११५ किलोमीटर वेगाने येते, आणि तिच्याखाली हेल्मेट घालूनही थांबण्यात अर्थ नाही. या आकड्यांत वारा धरलेला नाही. सोसाट्याचा वारा असेल तर गार तिरपी येते, आणि मग छतापेक्षा खिडकीच्या काचा पहिल्यांदा जातात.

पहिल्या दोन-चार गारा बोराएवढ्या दिसल्या की पुढच्या लिंबाएवढ्या असू शकतात, असंच धरून चालावं.

## फेब्रुवारीतला एक रविवार

खरी तयारी इथेच होते. घरावर काय आहे ते वर चढून बघा. गाडीच्या शेडचे किंवा गच्चीवरच्या छपरीचे पत्रे हातानं हलवून पाहा. पत्रे कसणारे जे-हूक सैल झाले असतील, खालचे रबरी वायसर वाळून गेले असतील तर बदला. लहान-मध्यम गारा टिनाला पोचे पाडतील, पण टिन गाडी वाचवतं. घात होतो तो पत्रा उडाल्यावर, कारण उडालेला पत्रा चार घरं पलीकडच्या माणसाचा गळा कापू शकतो. पॉलिकार्बोनेटचे पारदर्शक पत्रे चार-सहा उन्हाळे खाऊन पिवळे पडले असतील तर ते पापडासारखे तडकतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. कवेलूच्या घरात वीस-पंचवीस जादा कवेलू आणि एक जाड ताडपत्री आधीच आणून ठेवा. गारपिटीच्या दुसऱ्या दिवशी बाजारात ताडपत्री मिळत नाही, मिळाली तर दुकानदार सांगेल त्या भावात.

गच्चीच्या पाण्याच्या पाइपाचं तोंड बघा. हे कुणीच बघत नाही, आणि आमच्या गल्लीत त्या संध्याकाळी सर्वांत महागडं नुकसान यामुळेच झालं. गारा कडुनिंबाची पानं ओरबाडून खाली आणतात, पानं आणि गारा मिळून पाइपाच्या तोंडावर पक्कं बूच बसतं, आणि गच्चीचं तळं होतं. मग पाणी जिन्यातून घरात उतरतं. एका घरी ते थेट दिवाणखान्यातल्या फॉल सीलिंगवर साठलं आणि सीलिंगसकट खाली आलं. पाइपाच्या तोंडावर घुमटासारखी उंच जाळी बसवा. सपाट जाळी लगेच बुजते.

कुलर आमच्याकडे होळीच्या सुमारास खिडकीबाहेर स्टँडवर चढतो. स्टँड भिंतीला नटबोल्टने कसलेला हवा, विटांवर टेकवलेला नको. प्लगची जागा घराच्या आत हवी, म्हणजे बंद करायला कुणाला बाहेर जावं लागणार नाही. अर्थिंग तपासून घ्या. कुलरचा शॉक लागून माणसं जातात हे विदर्भात दर उन्हाळ्यात वाचायला मिळतं, आणि वादळी पावसात भिजलेला कुलर त्याहून वाईट.

छतावर सोलर असेल तर एक माप ध्यानात ठेवा. प्रमाणित पॅनेलची जी चाचणी होते तिच्यात २५ मिलिमीटर व्यासाचे बर्फाचे गोळे तासाला सुमारे ८३ किलोमीटर वेगाने अकरा ठिकाणी मारतात. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं आहे. म्हणजे त्या नाण्याएवढ्या गारेपर्यंत चांगलं पॅनेल बहुधा टिकतं, लिंबाएवढ्या गारेला मात्र नशिबाचा भाग येतो. पॅनेल झाकण्यासाठी ऐनवेळी गच्चीवर जायचं नाही, इतकं आत्ताच ठरवून टाका.

याच रविवारी गाडीच्या विम्याचा कागद काढा. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर गारांचं एक रुपयाही मिळणार नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग त्यात असावा लागतो. झिरो डेप्रिसिएशन, म्हणजे झिजेपोटी पैसे न कापण्याचं जादा कलम, नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या सुट्या भागांचे साधारण निम्मे पैसे आपल्या खिशातून जातात. काचेला ही कपात लागत नाही. घराचा विमा असेल तर वादळाच्या कलमात गारपीट कशी धरली आहे ते एजंटकडून लेखी घ्या, तोंडी नको.

## इशारा आला त्या दिवशी

नागपूरचं प्रादेशिक हवामान केंद्र विदर्भासाठी जिल्हावार इशारे काढतं. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता कृती करा. हवामान खात्याचं 'मौसम' अॅप आणि विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ही दोन्ही फोनवर असू द्या. व्हॉट्सअॅपवर फिरणारे "अमुक वाजता अमुक चौकात" असे निरोप सोडून द्या. गारपीट इतकी नेमकी कुणालाच सांगता येत नाही. सांगता येतं ते पुढच्या तीनेक तासांचं, तेही जिल्ह्याच्या पातळीवर. रडारचं चित्र बघायची सवय लावून घेतलीत तर बरंच कळतं. लाल-जांभळा ठिपका दिसला की दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. तो आपल्याकडे सरकतोय की दूर जातोय, एवढंच शोधायचं.

नारिंगी इशारा असेल त्या दिवशी दुपारी दोनच्या आत बाहेरची कामं संपवावीत, कारण हे ढग बहुतेक दुपारनंतर आणि संध्याकाळी फुटतात. गाडी झाडाखालून काढा. गुलमोहर दिसायला देखणा, पण लाकूड ठिसूळ. फ्लॅट स्कीममध्ये राहणाऱ्यांनी इमारतीच्या खालच्या पार्किंगमध्ये दाटीवाटीने का होईना शेजाऱ्यांच्या गाड्यांनाही जागा द्यावी. एका दिवसाचा प्रश्न असतो. आमच्याकडे यावरून भांडणं झाली आहेत, तरी सांगतो.

शेड नसेल तर गाडीला नुसतं कव्हर घालून उपयोग नाही. टपावर आणि बॉनेटवर जुन्या गोधड्या किंवा रजया, पुढच्या काचेवर पायपुसण्या नाहीतर पुठ्ठा, त्यावर कव्हर, आणि सुतळी चारही दारांतून आत घेऊन दारं लावायची. असं बांधलं नाही तर वारा सगळं शेजारच्या प्लॉटवर नेऊन ठेवतो.

वाळवणाचं काय? मोठ्या आईंनी मनगट बरं झाल्यावर स्वतःच युक्ती काढली. कुरड्या, शेवया, सरगुंडे आता गच्चीच्या फरशीवर पसरत नाहीत. जिन्याच्या दाराशीच हलकी बाज, तिच्यावर धुतलेली साडी, साडीवर वाळवण. आभाळ गढूळ दिसलं की बाज उचलून सरळ आत. इशाऱ्याच्या दिवशी तर दुपारच्या जेवणाआधीच.

फोन आणि पॉवर बँक चार्ज करा, पिण्याचं पाणी भरून ठेवा, बॅटरी हाताशी ठेवा.

## शेवटचा अर्धा तास

चिन्हं ओळखीची आहेत. दिवसभर घुसमटवणारा उकाडा, मग वारा एकदम पडतो. पश्चिमेकडे किंवा जिकडून ढग येतोय तिकडे आभाळ शाईसारखं काळं, कधी त्यात हिरवट झाक. धुळीची भिंत येते. पाठोपाठ हवेत अचानक फ्रिजचं दार उघडल्यासारखा गारवा. मग मोठे मोठे, सुटे सुटे थेंब. या थेंबांनंतर फार वेळ हातात नसतो.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा गच्ची, अंगण, मैदान सगळं सोडा.

या अर्ध्या तासात एवढंच करा: पोरं, म्हातारी माणसं आणि कुत्रं-मांजर आत. कुलर, टीव्ही, वॉशिंग मशीन, राउटर यांचे प्लग ओढून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. सोलरचा इन्व्हर्टर नेहमीच्या क्रमाने बंद करा. खिडक्या लावा, जाड पडदे ओढा, म्हणजे काच फुटलीच तर तुकडे पडद्यात अडकतील. ज्या खिडकीत कुलर बसवलाय तिच्या फटीत पुठ्ठा किंवा थर्माकोल असतं आणि गारा तिथूनच घरात येतात, म्हणून त्या खोलीत कुणी झोपलं असेल तर उठवा. घरकामाच्या ताई, वॉचमन, समोरच्या बांधकामावरचे मजूर आणि त्यांची लेकरं यांनाही आत घ्या. बांधकामाच्या झोपडीवर ताडपत्री नाहीतर पातळ टिन असतं. ले-आउटमध्ये सर्वांत जास्त उघड्यावर असलेली माणसं तीच.

## गारा पडत असताना

घरात असाल तर काही करू नका. हे वाटतं तितकं सोपं नाही. खिडकीतून गाडीवर गारा पडताना दिसतात, एकेक ठोका पोटात बसतो. बसू द्या. गाडीचा पत्रा सरळ होतो.

आतल्या खोलीत, काचांपासून लांब बसा. गॅलरीत उभं राहून व्हिडिओ काढायची हौस आवरा, कारण तिरपी गार तिथे सरळ तोंडावर येते. नळ, शॉवर आणि वायर लावलेला फोन टाळा. घर टिनाचं किंवा कवेलूचं असेल आणि जवळ स्लॅबचं घर असेल तर गारा सुरू होण्याआधीच तिकडे जायला हवं होतं. सुरू झाल्यावर घर सोडू नका. लाकडी पलंग किंवा दणकट टेबलाखाली शिरा, डोक्यावर उशा-गाद्या घ्या. झाडालगतची खोली सोडा.

टिनाच्या शेडबद्दल मी इतकं का बोलतो? ९ एप्रिल २०२३ च्या रात्री अकोला जिल्ह्यातल्या पारसला वादळी पावसात कडुनिंबाचं जुनं झाड मंदिराजवळच्या टिनाच्या शेडवर कोसळलं. पावसापासून वाचायला शेडखाली थांबलेल्यांपैकी सात जण गेले. आसरा घेतला म्हणजे वाचलो असं होत नाही, आसऱ्यावर काय उभं आहे तेही बघावं लागतं.

दुचाकीवर असाल तर लगेच गाडी कडेला लावा. गारांच्या थरावर ब्रेक लागत नाही. हेल्मेट काढू नका, आत गेल्यावरही नाही. पक्क्या इमारतीत शिरा: दुकान, दवाखाना, बँक, वर्धा रोडवर असाल तर मेट्रोचं स्टेशन. मेट्रोच्या खांबाखाली उभं राहिल्याने फारसा बचाव होत नाही, कारण वाऱ्यासोबत गार आडवी येते. उड्डाणपुलाखाली शंभर दुचाक्या रस्ता अडवून उभ्या राहतात आणि मागून येणाऱ्या ट्रकला समोरचं दिसत नाही, त्या गर्दीत शिरू नका. होर्डिंगखाली तर कधीच नाही. घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी धुळीच्या वादळात पेट्रोल पंपावर पडलेल्या होर्डिंगने १७ बळी घेतले, तेही उन्हाळ्यातलंच वादळ होतं. आजूबाजूला काहीच नसेल तर वाऱ्याकडे पाठ करून उकिडवे बसा, बॅग डोक्यावर आणि मानेच्या मागे धरा. आडवं झोपू नका.

कारमध्ये असाल तर कारमध्येच राहा. हळूहळू वेग कमी करा, दिवे लावा, झाडं आणि विजेचे खांब सोडून रस्त्याच्या पूर्ण बाहेर थांबा. पुढची काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते, ती तडकते पण सहसा आत येत नाही. बाजूच्या आणि मागच्या काचांचा मात्र क्षणात चुरा होतो. म्हणून जमलं तर गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून थांबा, सगळे मधल्या बाजूला सरका, आणि ओढणी, चादर, टॉवेल जे असेल ते डोळ्यांवर घ्या. लहान मूल मागच्या सीटवर असेल तर त्याच्यावर आपण वाका. पेट्रोल पंपाचं छत गारांना पुरतं, पण वारा जोराचा असेल तर मी तिथेही थांबत नाही.

बहुतेक वेळा हा खेळ पाच ते वीस मिनिटांचा असतो. मध्येच थांबून पुन्हा सुरू होतो, तेव्हाच लोक बाहेर येतात आणि दुसऱ्या झोडीत सापडतात. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं घड्याळ लावून आत थांबा.

## नंतरचा पहिला तास

आधी माणसं. डोक्याला लागलं असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा. टेंगूळ असेल तर बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावा. बर्फ फ्रिजमधला घ्या, अंगणातला मातकट नको. उलटी, गुंगी, बोलताना अडखळणं, वाढत जाणारी डोकेदुखी यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा. पोरांना गारा वेचायच्या असतातच, वेचू द्या, पण तीस मिनिटं झाल्यावर, चपला घालून, तारा आणि काचा नाहीत हे मोठ्या माणसाने बघितल्यावर. खायच्या मात्र नाहीत.

तुटलेली तार दिसली तर ती मेलेली आहे असं समजू नका. आजूबाजूच्या ओल्या जमिनीतही प्रवाह असू शकतो. दहा मीटर लांब राहा, दुसऱ्यांना अडवा, १९१२ वर महावितरणला कळवा. घरात पाणी शिरलं असेल आणि कोरड्या पायाने मेन स्विचपर्यंत जाता येत असेल तरच तो बंद करा. कुलर दोन दिवस उन्हात वाळवून, इलेक्ट्रिशियनला दाखवूनच सुरू करा.

मग गच्ची. रबरी तळव्याची चप्पल घालून, एक हात कठड्याला धरून जा, आणि सरळ पाइपाच्या तोंडाशी पोचा. फावड्याने किंवा घमेल्याने गारा-पानं बाजूला करा. गरम पाणी ओतून बर्फ वितळवायचा प्रयत्न आमच्या एका शेजाऱ्याने केला होता. त्याने फक्त तळ्यातलं पाणी वाढलं. छपरीवर किंवा गॅलरीच्या पत्र्यावर गारांचा जाड थर साचला असेल तर तिच्याखाली उभे राहू नका.

सोलर पॅनेल फुटलं असेल तर हात लावू नका. काच फुटलेलं पॅनेलही उजेड असेपर्यंत वीज बनवत राहतं, आणि ओल्या चौकटीतून शॉक बसू शकतो. वरून शाबूत दिसणाऱ्या पॅनेलमध्येही केसाएवढ्या चिरा पडलेल्या असतात. पुढच्या आठवड्यात त्याच वेळेची निर्मिती आधीच्या आकड्यांशी ताडून पाहा, फरक दिसला तर बसवणाऱ्याला बोलवा.

झाडांखाली पोपट, बगळे, साळुंख्या पडलेल्या दिसतील. जिवंत असतील तर पुठ्ठ्याच्या खोक्यात कापडावर ठेवा, झाकण लावा, अंधारात शांत राहू द्या. चोचीत पाणी घालू नका. बरेच पक्षी तासाभरात सावरून उडून जातात.

## फोटो, मग झाडू

साफसफाईची घाई करू नका. आधी फोटो. विझायच्या आत, म्हणजे वितळायच्या आत, दोन-तीन मोठ्या गारा दहाच्या नाण्याशेजारी ठेवून फोटो काढा. गाडीचे चारही बाजूंनी, नंबर प्लेट दिसेल असे. खळगे सरळ समोरून दिसत नाहीत, तिरप्या उजेडात, सकाळी किंवा संध्याकाळी काढा. छत, काचा, भिजलेलं सामान, फॉल सीलिंग, सगळं.

विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा, तक्रारीचा क्रमांक घ्या, आणि सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत गाडी दुरुस्तीला देऊ नका. फुटलेल्या काचेवर तात्पुरतं प्लास्टिक लावलं तर चालतं, फक्त चिकटपट्टी रंगावर फार दिवस ठेवू नका. दावा करण्याआधी गणित करा. एक-दोन खळगे असतील आणि दावा न केल्याची सूट ५० टक्क्यांपर्यंत पोचलेली असेल तर पुढच्या वर्षी जाणारी सूट दुरुस्तीच्या खर्चापेक्षा मोठी असू शकते. रंग न उडालेले खळगे आतून दाबून, रंगकाम न करता काढणारे कारागीर आता शहरात मिळतात, त्यांना आधी दाखवा. गाडी पाण्यात बुडाली असेल तर चावी फिरवायची नाही, उचलून न्यायची.

सरकारी मदतीच्या यादीत गारपीट आहे. पंचनामा तलाठ्यामार्फत होतो. २०२२ ते २०२६ च्या निकषांत पक्क्या घराचं किमान १५ टक्के नुकसान झालं तर ६,५०० रुपये होते. स्लॅबच्या घरात राहणाऱ्या बहुतेकांच्या हाती यातून काही लागणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण गल्लीच्या टोकाच्या टिनाच्या आणि कवेलूच्या घरांना लागतं, आणि त्यांच्याकडे फोटो, अर्ज, खेपा यांना वेळ नसतो. तुमच्या फोनमधून त्यांच्या छपराचेही फोटो काढा, अर्ज लिहून द्या. झाड पडलं असेल, कुणी अडकलं असेल तर ११२, आणि जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७.

हे सगळं आवरेपर्यंत रात्र होते, हवा छान गार असते, आणि आता सुटलो असं वाटतं. पण उन्हाळ्यातलं असं हवामान अनेकदा दोन-तीन दिवस टिकून राहतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा ढग उभा राहतो. म्हणून झोपायच्या आधी पाइपाची जाळी परत बसवा, फुटलेल्या खिडकीला प्लायवूड ठोका, ओल्या गोधड्या पंख्याखाली पसरा, पॉवर बँक चार्जिंगला लावा. आणि सकाळी कुणी पापडाचं पीठ भिजवायला काढलं तर त्याला आधी जिल्ह्याचा इशारा दाखवा.